उसाच्या गावातला तरवड

सांगलीहून पेठकडे जाताना आष्टा जवळ आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो, मधे कुठे हळद. जमीन काळीभोर, पाणी कृष्णेचं. अशा गावात मी तरवड लावला आहे, हे ऐकून नवीन माणूस हमखास विचारतो, "माळावरचं झुडूप ते, इथं कशाला?" आमच्या रानाच्या वरच्या अंगाला मुरमाड उंचवटा आहे. तिथं ऊस येत नाही, तरवड मजेत येतो. त्याच्या संगतीत बरीच वर्षं गेली. त्यातून जे समजत गेलं, ते जसं आठवेल तसं लिहिते आहे.

१. पाणी न देता स्वस्थ बसणं आपल्याकडच्या माणसाला फार जड जातं. वीज रात्री-अपरात्री आली तरी बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला धावणारी आमची घरं. झाड दिसलं की हात पाण्याकडे जातो. तरवडाचं मात्र पहिला पावसाळा नीट गेला की काही मागणं नसतं. वर जेमतेम वीतभर रोप दिसतं, पण तेवढ्यात त्याचं सोटमूळ मुरमात कितीतरी खोल गेलेलं असतं. चैत्र-वैशाखात भोवतालचं गवत करपून जातं, तेव्हा हा हिरवा. उलट खालच्या काळ्या जमिनीत, जिथं पाणी साचून राहतं, तिथं त्याची मुळं कुजतात. कोरड्यात टिकणारं झाड ओलीत मरतं, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मी आमच्या ऊसपट्ट्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत पाण्याच्या अतिवापराने हजारो हेक्टर जमीन क्षारपड झाली आहे. चांगल्या काळ्या रानावर पांढरा थर चढलेला बघवत नाही. पाणी कमी पडून रान जातं, तसं जास्त होऊनही जातं.

२. बियाची घाई उपयोगाची नाही, त्याचं कवच आधी सैल व्हावं लागतं. तरवडाच्या शेंगा चपट्या, पातळ, वाळल्यावर तपकिरी होतात आणि वाऱ्यावर खुळखुळतात. आतलं बी इतकं टणक की नुसतं पेरलं तर त्यातलं थोडंच उगवतं, बाकीचं जमिनीत पडून वाट बघतं. मी पाणी उकळून खाली उतरवते, त्यात बी टाकते आणि रात्रभर तसंच ठेवते. सकाळी जे फुगलं ते पेरायचं, जे फुगलं नाही ते खरबरीत दगडावर हलकं घासून पुन्हा भिजवायचं. पेरणी मृगाचा पाऊस झाल्यावर, आणि शक्यतो जागेवरच. पिशवीत रोप वाढवलं की सोटमूळ तळाशी वेटोळं घालतं आणि पुढे त्या झाडाला जोर राहत नाही. नर्सरीत तरवडाची रोपं क्वचितच दिसतात. विकायला अवघड, पेरायला सोपं, असं हे झाड आहे.

३. फुलाजवळ उभं राहिल्याशिवाय फूल कळत नाही. लांबून तरवड म्हणजे नुसता पिवळा ढीग. जवळ जाऊन एक फूल बोटांत धरलं की दिसतं, पाकळ्यांच्या कडा चुरगळल्यासारख्या आहेत, त्यांत नारिंगी छटेच्या शिरा आहेत, आणि पुंकेसर सगळे सारखे नाहीत. वरचे आखूड, मधले त्याहून मोठे, खालचे लांब आणि वाकलेले. स्त्रीकेसर एखाद्या फुलात डावीकडे वळलेला, शेजारच्यात उजवीकडे. या फुलात मध नसतो. असतो तो फक्त पराग, आणि तोही केसराच्या टोकाला असलेल्या बारीक भोकातूनच बाहेर येतो. मोठा काळा भुंगा येतो, फुलाला मिठी मारतो आणि पंख न फडफडवता अंग थरथरवतो. उडतानाचा त्याचा गुंजारव आणि ही थरथर यांचा सूर वेगळा आहे. एकदा कानात बसला की पाठमोरं उभं राहूनही सांगता येतं, भुंगा आत्ता फुलावर बसला. त्या थरथरीने पराग उडतो. थोडा तो खायला नेतो, थोडा अंगाला चिकटून पुढच्या फुलावर जातो. ज्या रानात कीटकनाशकाचा फवारा सारखा चालतो तिथं भुंगे येत नाहीत, आणि भुंगे नाहीत तिथं शेंगाही मोजक्याच धरतात. शेतकऱ्याला आपल्या रानाची तब्येत बघायची असेल, तर बांधावरच्या तरवडाच्या शेंगा बघाव्यात, असं मला वाटतं.

४. टिकतं कोण, हे चवीवर ठरतं. पावसाळ्याआधी आमच्या बाजूने मेंढरांचे कळप जातात. एक म्हातारे धनगर बाबा उंचवट्यापाशी टेकले होते. मी म्हटलं, "बाबा, मेंढरं तरवड खातील का?" ते म्हणाले, "न्हाई ताई, तोंड लावत न्हाईत. म्हणून तर माळाला ह्योच उरलाय." चराईने उघडे पडलेले जतकडचे, आटपाडीकडचे माळ डोळ्यांसमोर आणले की त्या वाक्यातलं खरेपण लक्षात येतं. जिथं बाकीचं सगळं खाल्लं गेलं, तिथं तरवडाने माती धरून ठेवली आहे. त्याच्या बुडाशी पालापाचोळा अडकतो, गवताचं बी अडकतं, आणि पहिल्या पावसानंतर तिथंच आधी हिरवं होतं.

५. देवाच्या निमित्ताने जपलेलं झाड देवाचं निमित्त संपलं की परकं होतं. आमच्याकडे नवरात्रात घट बसतो, काळ्या मातीत धान्य पेरतात आणि रोज एक माळ चढते. तरवडाच्या फुलांची माळ त्यातली हक्काची. पोरं सकाळी माळावर जाऊन ओंजळी भरून फुलं आणायची. आता झेंडूचे हार बाजारातून येतात आणि तरवड कुठला हे सांगावं लागतं. शेजारच्या तेलंगणात मात्र याच फुलाचा केवढा मान! तिथं त्याला तंगेडू म्हणतात. त्याच नवरात्राच्या सुमारास बायका बतुकम्मा या सणासाठी फुलांचे थर रचतात, त्यात तंगेडू लागतोच. २०१४ साली राज्य झालं तेव्हा त्यांनी हेच राज्यफूल ठरवलं. ज्याला आपण माळावरचं झुडूप म्हणून सोडून देतो, त्याला शेजारी राज्याच्या मानाचं स्थान देतो. हे वाचलं तेव्हा मला आनंदही झाला आणि थोडं लागलंही.

६. औषधाची पहिली पायरी म्हणजे त्याची मर्यादा समजणं. आयुर्वेदात तरवडाला आवर्तकी म्हणतात. तमिळनाडूत तो आवारम आणि तिथल्या सिद्ध वैद्यकात त्याचं पंचांग, म्हणजे मूळ, साल, पान, फूल आणि बी, मधुमेहासाठी वापरतात. श्रीलंकेत रणवरा नावाने फुलांचा चहा घरोघरी होतो. आमची आज्जी उन्हाळ्यात पाला वाटून डोक्याला लावायची आणि तासाभराने धुऊन टाकायची. डोकं गार व्हायचं, केस मऊ. मी अजून तेच करते, शिकेकाईच्या जोडीला. फुलं सावलीत वाळवते, कारण उन्हात रंग उडतो, आणि मुगाच्या पिठात मिसळून अंगाला लावते. हे सगळं बिनघोर.

पोटात घेण्याची गोष्ट वेगळी. वाळलेली चार-पाच फुलं कपभर उकळत्या पाण्यात झाकून ठेवली की पिवळा, तुरट चहा होतो. तो तुरटपणा टॅनिनचा. याच टॅनिनसाठी एके काळी कातडी कमावणारे तरवडाची साल सोलून न्यायचे आणि मद्रासकडचा कातड्याचा मोठा धंदा या सालीवर उभा होता. पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटलची साल येऊ लागली तेव्हा तिची मागणी घटली. कातडं आवळणारा हा गुण तोंडही आवळतो. गुळण्या करायला काढा चांगला, पण अन्नातलं लोह अंगी लागण्यात टॅनिन आडवं येतं. म्हणून जेवणाबरोबर हा चहा मी कुणाला देत नाही, आणि अंगात रक्त कमी असलेल्या बाईला तर नाहीच.

घरात मधुमेह आहे. त्यामुळे गावातला कुणी ना कुणी सांगतोच, गोळ्या सोडा, तरवड प्या. उंदरांवरच्या प्रयोगांत साखर उतरलेली दिसली आहे, हे खरं. पण माणसांवरच्या मोठ्या, नीट चाचण्या फारशा झालेल्या नाहीत. आणि ज्याने साखर उतरते ते गोळीच्या जोडीला घेतलं तर ती जास्तही उतरू शकते, मग घाम, थरथर, चक्कर. फेफऱ्यावरच्या कार्बामाझेपिन या औषधाबरोबर हा चहा दिल्यावर उंदरांच्या रक्तात औषधाचं प्रमाण वाढल्याचं श्रीलंकेतल्या अभ्यासकांनी २००४ साली प्रसिद्ध केलं. म्हणून माझा नियम साधा आहे. गोळी चालू असलेल्या माणसाने डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तरवड पोटात घ्यायचा नाही, गरोदर बाईने तर मुळीच नाही. झाडावर माझा जीव आहे, म्हणूनच त्याच्या नावावर खोटा गुण चढवलेला मला चालत नाही.

७. पिवळं फूल म्हणजे तरवड असं नसतं. टाकळा आहे, कासविंदा आहे, रस्त्याकडेला लावलेला काशीद आहे, सगळे जवळचे भाऊबंद. उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात लहान मुलं कासविंद्याच्या शेंगा खाऊन दगावत होती आणि मेंदूला सूज म्हणून उपचार चालले होते. शेंगाच कारण आहेत हे तिथल्या डॉक्टरांनी शोधलं. तेव्हा ओळख पक्की हवी. तरवडाच्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी रुंद, गोलसर उपपर्णं असतात आणि पर्णिकांच्या जोड्याजोड्यांमध्ये बारीक ग्रंथी असतात. कासविंद्याला ती पाळी नसते, ग्रंथी देठाच्या बुडाशी एकच, आणि पान चुरगळलं की उग्र वास येतो. टाकळ्याला पर्णिकांच्या तीनच जोड्या. मी पोरांना आधी हे शिकवते, फुलं तोडायला नंतर.

८. बांध गेला की त्याच्यावरचं सगळं जातं. टेंभू आणि म्हैसाळच्या योजनांनी आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या कोरड्या रानात कृष्णेचं पाणी पोचलं. ज्यांनी जनावरं छावणीत बांधली, टँकरपुढे घागरी लावल्या, त्यांच्या दारी पाणी आलं याचा मला मनापासून आनंद आहे. पाण्यामागोमाग जेसीबी येतो, माळ सपाट होतो, द्राक्ष-डाळिंब उभं राहतं. तेही योग्यच. माझं मागणं एवढंच की माळ फोडताना एक कड सोडावी. आष्ट्यासारख्या पाण्याच्या गावात तर बांध आता पायवाटेएवढेही उरलेले नाहीत. दोन सऱ्या ऊस जास्त बसावा म्हणून आपण तेही कोरत आणले.

तुमच्या रानात मुरमाड कोपरा असेल, घराच्या कुंपणाला कोरडी कड असेल, शाळेच्या मागे पडीक तुकडा असेल, तर येत्या मृगात तिथं मूठभर तरवड पेरा. नवरात्रात फुलं जरूर तोडा, फक्त एकाच झाडाची सगळी नेऊ नका. राहिलेल्या फुलांच्या शेंगा थंडीत वाळतात. त्या काढून ठेवा आणि मागेल त्याला बी द्या.