ग्रंथालयातील पुस्तके कोण निवडतो?

विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून ग्रंथालय समितीत बसेपर्यंत पुस्तके ग्रंथपालच निवडतात, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात विभागप्रमुख याद्या देतात, समिती मंजुरी देते, ग्रंथपाल दुबार प्रती टाळून मागणी नोंदवतात. अनुदान ३१ मार्चपूर्वी खर्ची पडावे म्हणून शेवटी विक्रेत्याने आणलेल्या गठ्ठ्यांतूनच ‘निवड’ उरकते, हेही पाहिले.

अशा निवडीचे पुढे काय होते? अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि सहकाऱ्यांनी हे मोजले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीनुसार, १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके १९७५ अखेर एकदाही कोणी घरी नेली नव्हती. तेथील प्राध्यापक या निष्कर्षावर नाराज झाले. मलाही केवळ देवघेवीवरून पुस्तकाची किंमत ठरवणे पटत नाही. एखादा जाडजूड कोश वर्षानुवर्षे पडून राहतो, पण लागतो तेव्हा त्याच्यावाचून अडते.

मात्र क्रमिक पुस्तकाच्या एका प्रतीमागे वीस विद्यार्थी ताटकळत असताना कोशाची बाजू मांडणे जड जाते. समितीत मी ती मांडली नाही.

आपल्या ग्रंथालयात मागणीवही ठेवलेली आहे. गेल्या वर्षी तिच्यात अकरा नोंदी झाल्या. त्यांतल्या चार माझ्या होत्या.