तेरचे निनावी कलावंत

चित्रकारांचे एखादे मंडळ आपल्या सभासदांच्या कलाकृतींचे प्रदर्शन भरवते, तेव्हा प्रत्येक चित्राखाली एक लहानशी चिठ्ठी लावलेली असते. तीवर चित्राचे व चित्रकाराचे नाव असते. मुंबईत १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांतून कित्येक चित्रकारांची नावे अशाच चिठ्ठ्यांवरून प्रथम लोकांस कळली. परंतु आपल्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रदर्शन असे आहे की, ते बारा महिने भरलेले असते आणि त्यातील कलाकृतींखाली कर्त्याचे नाव मात्र आढळत नाही. ते कलावंत याच मातीतले होते; पण त्यांना होऊन सुमारे दोन हजार वर्षे लोटली. हे प्रदर्शन म्हणजे तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय होय.

तेर हे तेरणा नदीच्या काठी वसलेले गाव आहे. आज ते लहान दिसते; पण सातवाहन राजांच्या काळी ते मोठे नगर होते. त्याचे नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गे होणाऱ्या व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे, तेथून साधे कापड व तलम वस्त्रे गाड्यांत भरून बिकट वाटांनी भडोचच्या बंदरास नेतात, असे तो सांगतो. हे तगर म्हणजेच आजचे तेर, असे फ्लीट या पंडिताने १९०१ साली साधार दाखवून दिले.

अशा नगरात कापड विणणारे होते, तसेच मणी घडवणारे, शंखाच्या बांगड्या कापणारे व मातीच्या मूर्ती करणारे कारागीरही होते. तेरच्या मातीच्या मूर्ती विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांतील कित्येक केओलिन नावाच्या पांढऱ्या, मऊ मातीच्या आहेत. स्त्रियांच्या केसांची गुंफण, कानांतील कुंडले, गळ्यातील हार, सारे इतके रेखीव आहे की, त्या काळच्या लोकांच्या हौसेमौजेची आपणांस सहज कल्पना येते.

या मूर्ती करण्याची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. मूर्तीच्या पुढच्या बाजूचा एक आणि मागच्या बाजूचा एक, असे दोन साचे असत. प्रत्येक साच्यात मळलेल्या मातीचा पातळ थर दाबून बसवीत. मग दोन्ही अर्धे भाग ओल्या मातीने एकमेकांस जोडीत, सांधा घासून साफ करीत आणि मूर्ती वाळवून भट्टीत भाजीत. अशी मूर्ती आतून पोकळ राही. पोकळ का, असे तुम्ही विचाराल. जाड, भरीव मातीतला ओलावा लवकर बाहेर पडत नाही. भट्टीत त्याची वाफ होते आणि तिच्या जोराने मूर्ती तडकते. पातळ कवच मात्र सर्व बाजूंनी सारखे वाळते व सारखे भाजले जाते. ही युक्ती अनेक पिढ्यांच्या अनुभवातून आलेली होती.

याच संग्रहात हस्तिदंताची एक सुंदर स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी साम्य असलेली एक मूर्ती १९३८ साली कोठे सापडली, ठाऊक आहे? दूर इटली देशातील पाँपेई या नगरात! हे नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्यापूर्वीच भारतातून तेथे पोहोचली होती. जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीचेही तिच्याशी नाते दिसते. आपल्या भागातील कारागिरांच्या हातोटीशी जुळणारी एक कलाकृती सातासमुद्रापलीकडच्या एका घरी मान पावली होती.

मग एवढे कुशल कारागीर निनावी का राहिले? त्या काळी कारागीर बहुधा संघ करून राहत. या संघास श्रेणी म्हणत. एका व्यवसायाचे लोक आपल्या श्रेणीचे नियम पाळीत आणि श्रेणीची पत सांभाळीत. ही पत केवढी होती ते नाशिकच्या लेण्यांतील एका शिलालेखावरून कळते. नहपान राजाचा जावई उषवदात याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण नाणी कायमची ठेव म्हणून दिली होती. तिच्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालावयाचा होता. राजघराण्यातील माणूस विणकरांवर इतका विश्वास टाकी! सांचीच्या स्तूपाच्या एका तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, अशी नोंद त्या तोरणावरच आहे. तेथेही एकेकाचे नाव नाही. ओळख आहे ती सर्वांची मिळून.

हा ठेवा मात्र थोडक्यात वाचला. जुन्या वस्तीच्या टेकाडास आपण पांढर म्हणतो. मराठवाड्यात घराच्या माळवदावर घालण्यासाठी पांढरीची माती उकरून नेण्याची रीत होती. त्या मातीच्या प्रत्येक पाटीबरोबर एखादी मूर्ती वा मणी कायमचा नाहीसा होण्याचा धोका असे. पावसाने टेकाड धुपले की, अशा वस्तू उघड्या पडत. तेरचेच रहिवासी असलेल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तूंचे मोल ओळखले. त्यांनी त्या जपून गोळा केल्या आणि त्यांच्या संग्रहातून पुढे हे वस्तुसंग्रहालय उभे राहिले. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. कोणती वस्तू मातीच्या कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडली, याची नोंद उत्खननात ठेवतात. त्यावरूनच तिचा काळ ठरवता येतो. जागेवरून उचललेली वस्तू सुंदर असली, तरी आपली अर्धी कहाणी ती गमावून बसते.

तेर हे संत गोरोबाकाकांचेही गाव. ते कुंभार होते. संतमंडळी जमली असता त्यांनी थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर मारून कोण पक्के आणि कोण कच्चे याची परीक्षा केली, अशी कथा सांगतात. मडके भाजले आहे की नाही, हे कुंभार नुसत्या आवाजावरून ओळखतो. त्यावरून ही कथा सुचली असावी. तेरच्या मूर्तींची परीक्षा काळाने घेतली. राज्ये गेली, नगर ओस पडले, पण त्या पक्क्या ठरल्या.

मुलांनो, शेतात किंवा टेकाडावर तुम्हांस अशी एखादी वस्तू दिसली, तर ती फोडू नका, घरी नेऊ नका, विकू तर मुळीच देऊ नका. जागा नीट ध्यानात ठेवा आणि शिक्षकांमार्फत तहसील कचेरीस किंवा पुरातत्त्व विभागास कळवा. तिच्या कर्त्याचे नाव आपणांस परत मिळणार नाही. पण त्याचे काम त्याच्याच गावी सुरक्षित ठेवणे आपल्या हाती आहे.

अभ्यास

१. तेर व तगर ही एकाच नगराची नावे आहेत; त्या नगरातून कोणता माल कोठे जात असे?
२. मातीच्या मूर्ती पोकळ का करीत?
३. विणकरांच्या श्रेणींवर लोकांचा विश्वास होता, हे कशावरून दिसते?
४. ‘जागेवरून उचललेली वस्तू आपली अर्धी कहाणी गमावून बसते’, या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
५. उपक्रम : उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या गावातील कुंभार, विणकर, सुतार इत्यादी कारागिरांच्या वस्तूंचे शाळेत प्रदर्शन भरवा. प्रत्येक वस्तूखाली कारागिराचे नाव लिहिण्यास विसरू नका.