आज्ञावलीची परीक्षा कशी घेतात?

किराणा दुकानातील वजनकाटा बरोबर आहे की नाही, हे निरीक्षक कसे ठरवतो? तो काटा खोलून पाहत बसत नाही. प्रमाणित वजनांची पेटी उघडतो, एकेक वजन काट्यावर ठेवतो आणि काट्याने दाखवलेला आकडा वजनावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहतो. कृती एकच, बदलते ते फक्त वजन. उद्या आणखी एका वजनाने तपासायचे ठरले तर पेटीत एका वजनाची भर पडेल, तपासण्याची रीत तीच राहील.

संगणकाच्या आज्ञावलीची, म्हणजे प्रोग्रॅमची, परीक्षाही अशीच घेता येते. समजा, वर्षाचा आकडा दिला की त्या वर्षात किती दिवस आहेत हे सांगणारी आज्ञावली तुम्ही लिहिली. एकेक वर्ष टंकून उत्तर पाहणे हा तपासण्याचा सरळ मार्ग. पण आज्ञावलीत जरासा बदल केला की सारे पुन्हा पहिल्यापासून तपासायला हवे. दोनतीन वेळा असे केले की माणूस कंटाळतो आणि ‘चालत असेल’ म्हणून सोडून देतो. चुका तेथेच लपतात.

म्हणून हे काम दुसऱ्या एका आज्ञावलीवर सोपवतात. तिला आपण ‘परीक्षक’ म्हणू. मात्र तपासायची वर्षे परीक्षकाच्या पोटातच लिहिली, तर नव्या वर्षासाठी दर वेळी परीक्षकाचीच चिरफाड करावी लागेल. त्यापेक्षा ती एका वेगळ्या फाईलमध्ये कोष्टकाच्या रूपात ठेवावीत:

वर्ष, अपेक्षित दिवस
२०२३, ३६५
२०२४, ३६६
२०००, ३६६
१९००, ३६५

परीक्षकाचे काम आता अगदी ठरावीक झाले. एक ओळ वाचायची, त्यातील वर्ष आज्ञावलीला द्यायचे, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडायचे, ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ अशी नोंद करायची आणि पुढच्या ओळीकडे वळायचे. ओळी चार असोत वा चार हजार, परीक्षकात एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही. संगणक न येणारा शिक्षकही कोष्टकात नवी ओळ लिहू शकतो.

आता पाहा. तुमच्या मित्राने ‘४ ने भाग गेला की लीप वर्ष’ एवढाच नियम वापरला आहे. पहिल्या तीन ओळी बरोबर येतील, पण १९०० ला त्याची आज्ञावली ३६६ सांगेल आणि पकडली जाईल. कारण शतकाचे वर्ष लीप ठरण्यासाठी त्याला ४०० ने भाग जावा लागतो. दुसऱ्या मित्राने शतकाची सगळीच वर्षे वगळली असतील, तर त्याची चूक २००० ही ओळ दाखवील. म्हणजेच प्रत्येक ओळीला तिचे स्वतःचे काम हवे. २०२१, २०२२, २०२३ अशा ओळी वाढवून फारसे काही हाती लागणार नाही.

आणखी एक पथ्य आहे. अपेक्षित उत्तर स्वतंत्रपणे काढलेले असावे. ज्या काट्याची तपासणी करायची, त्याच्यावरच तोलून प्रमाणित वजन बनवले, तर तपासणीला काय अर्थ उरला?

एक ओळ कमी पडली तर काय होते, याचे खरे उदाहरण ऐका. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे ‘झून’ हे गाणी ऐकण्याचे यंत्र २००६ साली बाजारात आले. ३१ डिसेंबर २००८ रोजी ३० गिगाबाईट क्षमतेची ही यंत्रे एकाएकी थिजली. त्यांच्या घड्याळाची आज्ञावली एकूण दिवसांतून वर्षावर्षाचे दिवस वजा करत चालू वर्ष काढत असे. उरलेले दिवस ३६५ पेक्षा जास्त असेपर्यंत ही फेरी चालू राही. पण लीप वर्षात दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तरच वजाबाकी होई. बरोबर ३६६ दिवस उरले तेव्हा फेरी थांबेना आणि वजाबाकीही होईना! यंत्र बाजारात आल्यानंतरचे पहिले लीप वर्ष २००८, म्हणून चूक त्याच्या शेवटच्या दिवशी उघड झाली. बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला यंत्र पुन्हा सुरू करा, असे ग्राहकांना सांगावे लागले. ‘२००८, दिवस ३६६, अपेक्षित ३१ डिसेंबर’ एवढी एक ओळ तपासली असती तर दोष आधीच सापडला असता. मात्र येथे चुकीचे उत्तर येत नाही, उत्तरच येत नाही. म्हणून परीक्षकाने वेळेची मर्यादाही घालायला हवी.

सर्व ओळी बरोबर आल्या म्हणून आज्ञावली निर्दोष ठरते का? नाही. तपासलेल्या ओळींपुरतीच ती खरी ठरली, एवढेच म्हणता येते. म्हणून नवी चूक सापडली की तिची ओळ कोष्टकात कायमची लिहून ठेवावी, म्हणजे तीच चूक परत आली तर लगेच कळेल.

आता कागद-पेन्सिल घ्या. १०० पैकी ३५ किंवा अधिक पूर्ण गुण मिळाल्यास ‘उत्तीर्ण’ सांगणाऱ्या आज्ञावलीसाठी कोष्टक तयार करा. ३४ आणि ३५ तर हवेतच, ० आणि १०० ही हवेत. पण कोणी चुकून १०१ टंकले तर? त्या ओळीसमोर अपेक्षित उत्तर काय लिहाल, ते वर्गात चर्चा करून ठरवा.