लव्हेबलला सुपाबेस जोडताना: जोडणी टूल करतं, कुलूप आपण लावायचं



व्हिडिओत आपण लव्हेबल वापरून डब्याच्या व्यवसायाचं छोटं अ‍ॅप उभं केलं. स्क्रीन छान दिसतात, बटणं चालतात. पण भरलेली ऑर्डर कुठेतरी कायमची साठली पाहिजे ना? त्यासाठी आज त्याला डेटाबेस जोडायचा आहे.

जोडणं अवघड नाही. पण ग्राहक तुमच्या अ‍ॅपमध्ये काय काय भरणार ते आठवा. नाव, मोबाईल, घरचा पत्ता आणि "शुक्रवार ते रविवार डबा नको". म्हणजे त्या तीन दिवसांत घर बहुतेक बंद असणार, हेही तुमच्या डेटाबेसला कळलं. ही माहिती भलत्याच्या हाती गेली तर? म्हणून हा लेख नीट वाचा.

कोण काय काम करतं?

लव्हेबलला आपण साध्या भाषेत सांगतो, ते कोड लिहून स्क्रीन बनवतं. सुपाबेस माहिती साठवतं आणि ग्राहकांचं लॉगिनही सांभाळतं. त्याच्या आत जे इंजिन चालतं ते पोस्टग्रेस्क्यूएल. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या प्रकल्पातून ते आलं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. तुमच्या दृष्टीने फायदा असा की उद्या टूल बदलावंसं वाटलं, तरी माहिती उचलून पोस्टग्रेस चालणाऱ्या दुसऱ्या ठिकाणी नेता येते.

आधी कागद, मग कॉम्प्युटर

जोडण्याआधी वहीत तीन तक्ते काढा: ग्राहक, मेनू, ऑर्डर. ऑर्डरच्या तक्त्यात ग्राहकाचं नाव-पत्ता पुन्हा लिहायचा नाही, फक्त त्याचा आयडी ठेवायचा. म्हणजे पत्ता बदलला की एकाच जागी बदलावा लागतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोबाईल नंबर "टेक्स्ट" प्रकारात ठेवा, कारण आपण त्याची बेरीज करत नाही आणि पुढचं अधिकचं चिन्ह टिकायला हवं. पैसे "न्यूमेरिक" प्रकारात ठेवा, "फ्लोट"मध्ये नाही. फ्लोटमध्ये पैशांच्या हिशेबात बारीक फरक पडू शकतो.

जोडणी

१. सुपाबेसवर खातं उघडून नवीन प्रोजेक्ट बनवा. डेटाबेसचा पासवर्ड जपून ठेवा.

२. रीजन विचारेल तिथे मुंबई निवडा. ग्राहक इथलेच, मग माहितीला लांबचा प्रवास कशाला? प्रोजेक्ट बनल्यावर रीजन सहज बदलता येत नाही, म्हणून आत्ताच बघून निवडा.

३. लव्हेबलमध्ये सुपाबेसची जोडणी निवडा, परवानगी द्या आणि आपला प्रोजेक्ट दाखवा. (लव्हेबलची स्वतःची क्लाउड सुविधाही आहे. पण माहिती आपल्या नावच्या खात्यात हवी, म्हणून आपण वेगळा प्रोजेक्ट जोडतोय.)

४. आता वहीतले तीन तक्ते शब्दांत सांगा. टूल एसक्यूएल लिहून दाखवेल. डोळे मिटून मंजुरी देऊ नका. तक्त्यांची नावं आणि रकाने वहीशी ताडून बघा.

दोन किल्ल्या, दोन वेगळी कामं

सुपाबेस दोन प्रकारच्या किल्ल्या देतं. एक सार्वजनिक, जिला "एनॉन" किंवा नव्या नावाने "पब्लिशेबल" म्हणतात. दुसरी गुप्त, म्हणजे "सर्व्हिस रोल" किंवा "सीक्रेट".

सोसायटीचं उदाहरण घ्या. सार्वजनिक किल्ली म्हणजे मुख्य गेट. ती ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये जातेच, कोणीही बघू शकतं, आणि ते चालतं. पण मग प्रत्येक फ्लॅटला स्वतःचं कुलूप हवं. गुप्त किल्ली म्हणजे सगळे फ्लॅट उघडणारी मास्टर की. ती कुठलंच कुलूप मानत नाही. ती स्क्रीनच्या कोडमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फ्रीलान्सरला पाठवलेल्या मेलमध्ये जाता कामा नये. गेलीच, तर ताबडतोब बदलून टाका.

फ्लॅटचं कुलूप: आरएलएस

हे कुलूप म्हणजे "रो लेव्हल सिक्युरिटी". अर्थ सोपा आहे: कोणती ओळ कोणाला दिसेल, हे स्क्रीन नाही, तर डेटाबेस स्वतः ठरवेल. स्क्रीनवरून बटण लपवणं म्हणजे दारावर पडदा लावणं. ज्याला थोडं तांत्रिक कळतं तो पडदा बाजूला करून थेट डेटाबेसला विचारू शकतो.

इथे बरेच जण फसतात. आरएलएस चालू केलं आणि नियम लिहिलाच नाही, तर ग्राहकाला यादी रिकामी दिसते. आपल्याला वाटतं अ‍ॅप बिघडलं. मग टूलला म्हणतो, "यादी दिसत नाही, दुरुस्त कर." अशा वेळी आरएलएस बंद करणं किंवा "सगळ्यांना परवानगी" असा नियम टाकणं, हा सगळ्यात सोपा उपाय असतो. यादी दिसू लागते, आपण खूश. पण आता ती सगळ्यांनाच दिसते!

म्हणून असं सांगा: "ऑर्डरच्या तक्त्यावर आरएलएस चालू ठेव. लॉगिन केलेल्या ग्राहकाला फक्त स्वतःच्या आयडीच्या ओळी दिसाव्यात. बघणे, भरणे, बदलणे, काढणे या चारही कामांचे नियम वेगळे लिही."

वेगळे का? कारण हे कुलूप ओळीला असतं, रकान्याला नाही. ग्राहकाला स्वतःची ऑर्डर बदलण्याची मोकळी परवानगी दिली, तर तो त्याच ओळीतली रक्कम किंवा "पैसे मिळाले" हा रकानाही बदलू शकतो. पैशांचा तक्ता वेगळा करा आणि त्यात ग्राहकाला फक्त बघू द्या.

तपासल्याशिवाय लिंक पाठवू नका

- दोन वेगळ्या ई-मेलने दोन खोटे ग्राहक बनवा. दोघांच्या ऑर्डरी टाका. एकाला दुसऱ्याची ऑर्डर दिसते का ते बघा.
- ब्राउझरच्या खासगी विंडोत लॉगिन न करता अ‍ॅप उघडा. कुठेही नाव किंवा नंबर दिसता कामा नये.
- हे झालं पडद्यापुरतं. कुलपासाठी सुपाबेसमधला "सिक्युरिटी अ‍ॅडव्हायझर" उघडा. कोणत्या तक्त्याला आरएलएस नाही ते तो दाखवतो. मग प्रत्येक तक्त्याचे नियम स्वतः वाचा. नुसतं "ट्रू" लिहिलेला नियम म्हणजे सगळ्यांना मुभा. मेनूला तो चालेल, आणि तोही फक्त बघण्यापुरता. ग्राहकांच्या तक्त्याला नाही.

फुकट प्लॅनची किंमत

शिकायला फुकट प्लॅन उत्तम. पण त्यात डेटाबेसला ५०० एमबी जागा असते, रोजचा आपोआप बॅकअप नसतो, आणि आठवडाभर वापर झाला नाही तर प्रोजेक्ट थांबवला जाऊ शकतो. दिवाळीत आठ दिवस सुट्टी घेतली आणि परत आल्यावर अ‍ॅप बंद, असं नको. दर रविवारी तिन्ही तक्ते सीएसव्ही फाईलमध्ये उतरवून ठेवा. नियमित पैसे देणारे ग्राहक आले की पेड प्लॅनचा खर्च डब्याच्या दरात धरा. गॅस आणि तेल धरतो तसाच हाही धंद्याचा खर्च आहे.

कायद्याचंही भान ठेवा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ती कमाल मर्यादा आहे, पण "मी छोटा आहे, कोड टूलने लिहिला" म्हणून जबाबदारी संपत नाही. आणि दंड राहू द्या, ज्या ताईंनी विश्वासाने पत्ता दिला त्या पुन्हा डबा घेतील का?

गृहपाठ: आज फक्त वहीतले तीन तक्ते काढा. प्रत्येकासमोर लिहा: हे कोण बघणार, कोण भरणार, कोण बदलणार, कोण काढणार? ती बारा उत्तरं तयार असतील, तर उद्या जोडणी करायला बसा. नसतील, तर एक दिवस थांबा. अ‍ॅप एक दिवस उशिरा सुरू झालं तरी चालेल.