घरी आलेली नोकरी आणि तिचा धूर

कचेरीत न जाता दूरवरून नोकरी करण्याच्या पद्धतीला जॅक निलेस या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली नाव दिले. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि पुण्यामुंबईचे कित्येक नोकरदार आपापल्या गावी बसून संगणकावर कामे करू लागले. वाहने थांबली म्हणजे धूर थांबला, असे सहज वाटते. परंतु हिशेब मांडल्यावाचून निर्णय देणे विद्यार्थ्यास शोभत नाही.

एक लिटर पेट्रोल जळाले म्हणजे सुमारे २.३ किलो कर्बाम्ल वायू, अर्थात कार्बन डायऑक्साइड, हवेत जातो. लिटरमागे १५ किलोमीटर धावणाऱ्या मोटारीने रोज २० किलोमीटर जाणे-येणे करणारा गृहस्थ सुमारे ३ किलो वायू सोडतो. लिटरमागे ५० किलोमीटर धावणाऱ्या मोटारसायकलीचा स्वार एक किलोहून कमी.

आता घरचा खर्च पाहू. लॅपटॉप व पंखा आठ तास चालल्यास सुमारे एक युनिट वीज लागते, आणि दगडी कोळशाच्या एका युनिटमागे जवळजवळ एक किलो वायू निघतो. म्हणजे मोटार थांबली तर लाभ उघड आहे; मोटारसायकल थांबली, तर कचेरीतील दिवे-पंखेही तितकेच बंद झाले तरच लाभ. घरात वातानुकूलन यंत्र लावल्यास मोटारीचा लाभदेखील दोन-तीन तासांत आटोपतो.

सोलापूरजवळचे १३२० मेगावॅटचे विद्युत्केंद्र कोळशावरच चालते. शिवाय घरी काम आणण्याची रीत सोलापुरास जुनीच आहे. विड्या वळणाऱ्या स्त्रिया पाने व तंबाखू घरी आणतात, आणि कामाबरोबर तंबाखूची धूळही घरात शिरते. तात्पर्य, काम जेथे जाते, तेथे त्याचा भारही जातो.

मग वेळापूरच्या शिकलेल्या तरुणाने गाव सोडावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. आईबापांजवळ राहून त्याला मिळवता येत असेल, तर ते इष्टच होय. आपल्या उन्हात छपरावरील एक किलोवॅटची सौर पाटी दिवसाला सरासरी चार युनिटे देते. तेवढ्यात चार जणांचे काम भागते. अशांनी गावातच, पायी जाता येईल अशा एका जागी एकत्र बसून काम केले, तर रस्त्याचा धूर टळेल व कोळशाचाही. ईश्वराने सोपविलेल्या सृष्टीचे आपण मालक नसून कारभारी आहोत, आणि कारभाऱ्याने हिशेब चोख ठेवला पाहिजे.