अपराधी बंधूस परत कसे घ्यावे?

शास्त्रभाग : मत्तय १८:१५-१७, २ करिंथ २:५-११, गलती ६:१

मंडळीची शिस्त म्हटली की पुष्कळांस प्रभुभोजनापासून दूर करणे एवढेच आठवते. परंतु ते अर्धेच काम होय. पश्चात्तापी मनुष्यास परत घेणे हे उरलेले अर्धे. जी मंडळी पहिले करून दुसरे विसरते, तिने प्रभूची आज्ञा पाळली असे म्हणता येत नाही.

१. आरंभ एकांतात. प्रभूने लावून दिलेला क्रम असा : प्रथम एकट्याने बंधूकडे जावे, मग एकदोन साक्षीदार न्यावे, आणि शेवटी मंडळीस कळवावे. गावात बहुधा उलट घडते. गोष्ट आधी पाणवठ्यावर जाते आणि ज्याची ती गोष्ट, त्यास ती सर्वांच्या मागून कळते. अशाने बंधू मिळत नाही, दुरावतो.

२. शिस्त म्हणजे वाळीत टाकणे नव्हे. विस्तव-पाणी बंद करणे, मर्तिकास न जाणे, हे जातपंचायतीचे शस्त्र होते. आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी ते ख्रिस्ती झाल्यामुळे सोसले. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तेच शस्त्र आपण मंडळीत कसे उचलावे? न ऐकणाऱ्यास जकातदारासारखा माना, असे प्रभूने सांगितले खरे. पण जकातदारांच्या पंक्तीस तो स्वतः बसला, आणि हे लिहून ठेवणारा मत्तयही पूर्वी जकातदारच होता. ज्यास प्रभुभोजन बंद झाले, त्याच्या घरी पाळकाचे जाणे बंद होऊ नये.

३. शिक्षेस शेवट असावा. करिंथ येथील एका मनुष्यास मंडळीने शिक्षा केली होती. पौल लिहितो की तेवढी पुरे; आता क्षमा करा व धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. गलतीकरांस अपराध्याला ताळ्यावर आणा असे सांगताना त्याने जे ग्रीक क्रियापद योजिले, तेच मत्तयाने चौथ्या अध्यायात कोळ्यांच्या जाळी नीट करण्याविषयी योजिले आहे. फाटले म्हणून जाळे कोणी फेकीत नाही.

आद्य मंडळीसही हा प्रश्न पडला. सन २५० मध्ये डेसियस बादशहाच्या हुकुमामुळे भिऊन पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी देवांस यज्ञ केला. रोम येथील नोवाशियन म्हणे, अशांस मंडळीने कधीच परत घेऊ नये. दुसरे म्हणत, लागलेच घ्यावे. कार्थेजच्या सिप्रियनाने व त्याच्या सोबतीच्या बिशपांनी २५१ साली प्रत्येकाची चौकशी करून, पश्चात्ताप पाहून निर्णय करावा असे ठरविले. पुढे ३२५ साली नायसिया येथील परिषदेने, सक्तीवाचून विश्वास सोडणाऱ्यांस तीन, सात व दोन अशी बारा वर्षांची मुदत लावली. मुदत कठीण होती, तरी तिला शेवट होता. आणि मरणोन्मुख मनुष्यास प्रभुभोजन नाकारू नये असेही त्याच परिषदेने ठरविले.

४. आपण काय करावे?

(क) शिक्षेचे कारण वहीत लिहिताना, पुन्हा विचार करण्याची तारीखही लिहावी.

(ख) एका वडिलावर त्या घरी नियमित जाण्याचे काम सोपवावे.

(ग) पश्चात्तापाचे फळ पाहावे. जक्कयाने घेतलेले चौपट परत देण्याचे कबूल केले. तसेच ज्याने पैसा बुडविला त्याने तो फेडू लागावे.

(घ) ज्या मंडळीपुढे दूर केले, तिच्यापुढेच स्वीकारावे. त्यानंतर ती गोष्ट कोणी भांडणात काढू नये.

एक सावधगिरी : क्षमा म्हणजे हुद्दा परत देणे नव्हे. ज्याने निधीत अफरातफर केली, त्यास भोजनास घ्यावे, पण पेटीची किल्ली देण्याची घाई करू नये. स्त्रीवर अथवा बालकावर अत्याचार झाला असेल, तर मंडळीची शिस्त सरकारी न्यायाची जागा घेऊ शकत नाही. ती गोष्ट झाकणे हेच पाप होय.

उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या वहीत असे कोणाचे नाव आहे काय, की ज्याच्याकडे वर्षभरात कोणी गेले नाही?

२. त्याच्याकडे या आठवड्यात कोण जाईल?