गुरूचा फोटो धूसर का येतो?

प्रश्न : गच्चीवरून दुर्बिणीतून काढलेला गुरूचा फोटो धूसर का येतो?

उत्तर : गुरूचे बिंब मोठ्यात मोठे असते तेव्हाही जेमतेम ५० विकलांचे, म्हणजे चंद्रबिंबाच्या पस्तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढे भरते. हवेच्या थरथरीत त्यावरचे पट्टे एकाच फोटोत क्वचितच टिकतात. म्हणून व्हिडिओ घ्यावा. त्याच्या हजारो फ्रेम्समधल्या स्थिर क्षणांच्या तेवढ्या निवडून ‘ऑटोस्टॅकर्ट’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने एकावर एक रचाव्यात. फरक थक्क करणारा असतो. गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरत असल्याने चित्रण दोन-तीन मिनिटांत उरकावे. गच्ची निवल्यावर आणि गुरू उंच आल्यावरच सुरुवात करावी. हीच दुर्बीण सूर्याकडे वळवायची असेल तर मात्र सौर फिल्टर तिच्या पुढच्या तोंडावरच हवा. नेत्रिकेवर बसवलेला फिल्टर उष्णतेने तडकू शकतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.